इथं काहीतरी राहिलंय

१ नोव्हेंबर, शनिवार

तिसरी 'ब'चा वर्ग. बाक तिसरीतल्या मुलांच्या मापाचे. गुडघे छातीशी घेऊन बसले. भिंतीवर पाढे, फळ्यावर सुविचार. अशा जागी आम्ही 'व्यक्त' होणार!

दारावर कागद चिकटवलेला — 'कर्करोगातून बाहेर पडलेल्या तरुणांसाठी अभिव्यक्ती लेखन गट'. वाचता वाचता दम लागला. आत पाऊल टाकायच्या आधीच मनात काटछाट सुरू.

पाठवलं डॉक्टरांनी. लिम्फोमा जाऊन दोन वर्षं झाली. तपासणी स्वच्छ. "झोप?" नाही. "रडता?" नाही. "मग करता काय?" मुद्रितं तपासते. त्यांनी चिठ्ठीवर गोळीच्या जागी या शाळेचा पत्ता लिहिला. एम. ए. मराठी, नोकरी प्रकाशनात, नाव कादंबरी — आणि औषध काय, तर लेखन! हलवायाला पेढा.

गट चालवतात आनंदीताई. निवृत्त समुपदेशक, पांढरा बॉबकट, पर्समध्ये स्वयंपाकघरातला टायमर. नियम असे — पंधरा मिनिटं पेन थांबवायचं नाही. खोडायचं नाही. मग कागद शेजारच्याला द्यायचा. तो मोठ्यानं वाचणार. आणि ऐकणाऱ्यांनी एकच शब्द म्हणायचा — "ऐकलं." छान नाही, अरेरे नाही, माझंही अगदी असंच नाही. फक्त ऐकलं.

खोडायचं नाही! माझी निम्मी अक्कल खोडण्यात आहे.

शेजारी पोपट. वारज्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मांडीच्या हाडात गाठ होती, आता सळई आहे. बाकात पाय मावेना म्हणून बाईंची खुर्ची ओढून घेतली. सगळे लगेच त्याला सर म्हणू लागले. बॅटरी गेलीय असं गिऱ्हाइकाला सांगावं तसा आपला आजार नावासकट सांगतो. त्याचा कागद माझ्याकडे आला. वाचायला लागले तर मधेच म्हणाला —

"मॅडम, मी 'पाय हाय अजून' लिहिलंय. तुम्ही 'आहे' वाचताय."

"अर्थ तोच."

"पाय माझा हाय ना पण."

मागच्या बाकावर एक मुलगी फिसकन हसली. तरन्नुम. लॉच्या शेवटच्या वर्षाला. तिला रक्ताचा आजार होऊन गेलेला. "ऐकलं," म्हणाली. पोपटला म्हणाली की मला, ते कळलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न लागलं. अक्षता झाडता झाडता आई म्हणाली, "चला, मुहूर्त सुरू." आणि फोन पुढे केला. स्थळ तयार! शौनक, बांधकामाचा इंजिनियर, राहणार सहकारनगर, एक मोठा भाऊ.

"भाऊ अमेरिकेत असणार," आईचा अंदाज.

"कशावरून?"

"मोठा भाऊ आणखी कुठे असतो?"

माझी माहिती तिनं मला न विचारताच लग्नाच्या साइटवर टाकली आहे. उंची, पगार, पोहणं (कधी?). विचारलं — ते लिहिलंयस का?

"ते कशाला? संपलं ना ते."

आई 'ते' म्हणते. त्या आजाराचं नाव तिच्या तोंडून आजवर निघालेलं नाही. केमो चालू होती तेव्हा शेजारी विचारायचे, तर म्हणायची, "हिला जरा कणकण आहे." सहा महिने कणकण! टक्कल पडलेली कणकण!

मी निदान स्पष्ट बोलते. लिम्फोमा म्हणते. शिक्षणाचा एवढा तरी उपयोग.

८ नोव्हेंबर, शनिवार

विषय — आरसा. मी लिहिलं: 'ती आरशासमोर उभी राहिली. आरसा आपलं काम करत होता.' इथं मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. पोपटनं बातम्या द्याव्यात तसं वाचलं. सगळे म्हणाले, ऐकलं. तरन्नुम म्हणाली, "ती कोण?"

आनंदीताईंनी बोट वर केलं. नियम!

"ताई, शंका आहे फक्त. आमच्याकडे साक्षीदार 'ती' म्हणाला की वकील विचारतो, ती म्हणजे कोण, बोट दाखवा."

मी समजावलं की लेखकानं अनुभवापासून अंतर राखायचं असतं.

"किती किलोमीटर?" — पोपट.

९ नोव्हेंबर, रविवार

शौनकला भेटले. कर्वे रस्त्यावर, कॉफी. उंच, जरा वाकून बसतो. मनगटावर घड्याळ, तेही इतकं सैल की बोलताना कोपराकडे घसरतं. माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाला, "दादाचं आहे." अमेरिकेतलं असणार. आईचं बरोबर.

पुलांची तपासणी करतो. हातोडीनं खांब ठोकायचे आणि कान लावून ऐकायचं. आत पोकळ असेल तर आवाजावरून कळतं.

"मग?"

"मग लिहून द्यायचं. लोकांना आवडत नाही."

मी टेबलापासून जरा मागे सरकले. न जाणो, ठोकायचा!

मग म्हणाला, "केस छान आहेत तुमचे. कुरळे." केमोआधी सरळ होते, परत आले ते असे. मी म्हटलं, "थँक्यू. नवे आहेत." माझ्या मते उत्तम वाक्य. हसलाच नाही! कपाकडे बघत बसला. विनोद कळत नाही बहुतेक. एक मार्क वजा.

१० नोव्हेंबर, सोमवार

आवडला. छे! एका हातोडीवर?

१२ नोव्हेंबर, बुधवार

"त्याला सांगायला हवं."

"पाच वर्षं होऊ देत. डॉक्टर म्हणालेत ना, पाच वर्षं झाली की काळजी नाही. मग सांगू."

"म्हणजे लग्नानंतर?"

"लग्नानंतर माणूस जरा मऊ होतं."

बाबा पेपरमागून म्हणाले, "मी काय म्हणतो —" आणि नेहमीप्रमाणे काहीच म्हणाले नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

गटाला सांगून टाकलं. असा असा मुलगा आहे, त्याला माहीत नाही. आनंदीताईंनी ठरवलेला विषय बाजूला ठेवला. म्हणाल्या, ज्याला सांगायचंय त्यालाच लिहा.

तीन पानं झाली! टायमर वाजला तरी लिहीत होते. 'ती' नाही, 'मी'. बाबा वॉर्डाबाहेर उभे राहून लिफ्टचं बटण उगाच दाबायचे ते. शीर सापडेना म्हणून सिस्टरच रडली ते. आणि आता त्याच्यासमोर बसून हसताना वाटतं की आपण कुणाचं तरी तिकीट घेऊन आत शिरलोय, ते.

तरन्नुमनं वाचलं. शिरेपाशी थांबली, पाणी प्यायली, पुढे गेली. ऐकलं. ऐकलं. ऐकलं. पोपटनं नाक शिंकरलं आणि म्हणाला, "पाठवा मॅडम. असंच्या असं."

"हात लावू नकोस हं," तरन्नुम.

"नाही गं. टाइप करताना फक्त एक नजर टाकते."

१६ नोव्हेंबर, रविवार

नजर टाकली.

पहिला परिच्छेद प्रास्ताविक — काढला. लिफ्टचं बटण — भावुक. सिस्टरचं रडणं — दुसऱ्याच्या अश्रूंवर आपलं काम काढून घेणं, गेलं. तिकिटाचं वाक्य चांगलं होतं. चांगलं वाटलं की मला संशय येतो, म्हणून तेही गेलं. लिम्फोमा दोनदा आला होता. पुनरुक्ती. एक काढला. राहिलेला एकटा पडून फार नाटकी दिसायला लागला. तोही काढला.

संध्याकाळपर्यंत उरलं ते असं: 'पुढच्या रविवारी भेटू या का?'

एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही. पाठवलं.

उत्तर: 'हो. आईनं आवळे आणायला सांगितलेत. मंडईत चालेल?'

२२ नोव्हेंबर, शनिवार

पोपटनं माझा फोन घेतला. वाचला. वर सरकवलं, खाली सरकवलं. फोन उलटा करून मागूनही बघितला.

"बाकीचं कुठं हाय?"

"संपादन केलं."

"तीन पानं होती की ओ!"

तरन्नुम माझ्याकडे दया आल्यासारखी बघत होती. "कादंबरी, अगं लोक दुसऱ्यांना कापतात. तू स्वतःलाच कापून टाकलंस. वर व्याकरण बरोबर!"

आनंदीताई एवढंच म्हणाल्या, "उद्या तोंडानं सांगा. तोंडाला खोडरबर नसतं."

नसतं? बघू.

२३ नोव्हेंबर, रविवार

असतं.

मंडई. तो पिशवी घेऊन आलेला, घडी घातलेली, स्वच्छ. मुलगी बघायला येताना आवळ्यांची पिशवी आणणारा माणूस! एकेक आवळा उचलून डाग बघत होता. मी वाक्य पाठ करून गेले होते. 'शौनक, तुम्हाला एक सांगायचंय.' तिथपर्यंत नीट आलं.

"बोला ना."

"मी एक गोष्ट लिहितेय."

कुठून आली ही गोष्ट? मी एक ओळ लिहीत नाही!

"तिच्यात एक मुलगी आहे. तिला लिम्फोमा होतो."

त्याचा हात थांबला. आवळा हातातच. "मरते का?"

"नाही."

"नक्की?"

"नाही मरत. बरी होते."

"मग गोष्ट कशावर आहे?"

यावर एम. ए.च्या दोन वर्षांत मला काही शिकवलेलं नाही. म्हटलं, "अजून ठरायचंय."

आवळेवाली म्हणाली, "ओ साहेब, घ्यायचेत का पत्रिका बघायचीये आवळ्यांची?"

त्यानं घाईघाईनं अर्धा किलो घेतले. उरलेले सुटे पैसे न घेताच निघाला. आवळेवालीला घाबरला! मग बाहेर आल्यावर म्हणाला, "नाही मरत ते बरं केलंत. झाली की वाचायला द्या."

सांगायला गेले आणि वाचक घेऊन आले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

त्याचा मेसेज — 'गोष्ट कुठपर्यंत आली?'

२९ नोव्हेंबर, शनिवार

गटात सांगितलं. कुणी ऐकलंसुद्धा म्हणेना. पोपट बाकावर डोकं टेकून हसत होता. सळई दुखायला लागली तेव्हा थांबला.

तरन्नुम मात्र हसली नाही. म्हणाली, "अब्बा म्हणतात, लग्नाआधी सांगितलंस तर नकार येईल. मी म्हणते, नंतर कळलं तर फसवणुकीचा अर्ज येईल. तो बहुतेक मलाच लिहावा लागेल, फी न घेता."

१ डिसेंबर, सोमवार

शौनकचे आईबाबा चौदा तारखेला आमच्याकडे येणार. बोलणी करायला! आईनं पडदे धुवायला काढले.

म्हणजे तोवर सांगायलाच हवं. नाहीतर मग त्या पडद्यांमागेच राहायचं, कायमचं.

४ डिसेंबर, गुरुवार

'मुलीचं नाव काय ठेवलंत?' — शौनक. काय माणूस आहे! गोष्टीचा पिच्छा सोडत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

पुढच्या शनिवारी घरच्यांचा दिवस. प्रत्येकानं घरचं कुणीतरी आणायचं आणि त्यांनीही लिहायचं. तरन्नुम अब्बांना आणणार. पोपटची आई येणार, 'डबा घेऊन,' असं त्यानं दोनदा सांगितलं.

माझी आई येणं शक्य नाही. तरी विचारलं.

"काय असतं तिथं?"

"लिहायचं असतं."

"चहा देतात?"

"देतात."

"येते."

१३ डिसेंबर, शनिवार

नीट लिहिते. आज काटछाट नाही.

आई सिल्कची साडी नेसून आली, पुस्तक प्रकाशनाला आल्यासारखी. तिसरीच्या मापाचा बाक बघून म्हणाली, "शी, केवढेसे आहेत," आणि माझ्याआधी बसली. आमच्या बाकावर आम्ही दोघीच. म्हणजे माझा कागद तिच्याकडे, तिचा माझ्याकडे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा टायमर लावून झाला होता.

तरन्नुमचे अब्बा, हमीदचाचा, दोन ओळी लिहून खिडकीबाहेर बघत बसले. पोपटची आई त्याला विचारून विचारून लिहीत होती. माझी आई मान खाली घालून लिहीत होती. थांबलीच नाही! मला वाटलं, किराणा लिहितेय.

आधी माझा कागद तिनं वाचला. चष्मा लावून, गॅसची पावती वाचावी त्या आवाजात.

"उद्या लोक येणार आहेत. ती त्यांना चहा देईल. ती त्यांना सांगेल की तीन वर्षांपूर्वी तिला —"

थांबली. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"इथं काहीतरी राहिलंय. रेघ मारून पुढे गेलीस. जागा सोडलीय."

मी म्हटलं, पुढे वाच. तिनं वाचलं. ऐकलं, सगळे म्हणाले.

मग तिचा कागद. एका दमात लिहिलेला, परिच्छेद नाहीत. जसाच्या तसा उतरवते —

'मला लिहायची सवय नाही. रिपोर्ट मी आणला होता. त्या आठवड्यात कादंबरीची तोंडी परीक्षा होती. हे म्हणाले परीक्षा होऊ दे मग सांगू. तू सांग म्हणाले. मग मी रोज बाथरूममध्ये नळ सोडून म्हणून बघायचे. कादंबरी तुला कॅन्सर झालाय. हळू म्हणून बघितलं. पटकन म्हणून बघितलं. हसून पण बघितलं ते वाईट दिसलं. शेवटी एक सूर सापडला. पोळ्या लाटताना आपण बोलतो तसा. परीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच तिला सांगून टाकलं. माझा सूर तसाच राहिला. आता तो शब्द तोंडात आला की मला नळ ऐकू येतो म्हणून मी म्हणत नाही. पाणी किती वाया गेलं ते वेगळंच.'

एकही शब्द बदलला नाही. बदलता आला नाही. तो शब्दही मला मोठ्यानं वाचावा लागला, माझ्या नावापुढे, पाढ्यांच्या तक्त्याखाली.

ऐकलं, पोपट. ऐकलं, तरन्नुम. हमीदचाचा सगळ्यांत शेवटी, अगदी हळू — "ऐकलं."

आईनं सगळ्यांकडे बघितलं. "झालं? मग चहा कुठंय?"

घरी आल्यावर ही वही मागे उलटत गेले. आईला हसलेली पानं. ती 'ते' म्हणते म्हणून हसले. आणि मी? लिम्फोमा. आजार. पोपटची 'गाठ'. तरन्नुमचा 'रक्ताचा आजार'. पोपट ज्याचं नाव खुशाल घेतो, तेही मी इथं उतरवलं नाही! दारावरचा कर्करोग धरत नाही, तो संस्कृत आहे आणि दुसऱ्यांनी चिकटवलेला.

आज आला तोसुद्धा आईच्या लेखणीतून आला.

आणि ती माझ्यापेक्षा चांगलं लिहिते. हे आणखी वेगळंच!

१४ डिसेंबर, रविवार, सकाळ

आई पोहे निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सांगतेस की मी सांगू? माझी तयारी आहे."

अगदी त्याच सुरात. पोळ्यांच्या.

गॅलरीत जाऊन शौनकला फोन लावला. काही पाठ केलं नाही. "गोष्टीतली मुलगी मीच आहे. मला कॅन्सर झाला होता. केस म्हणूनच नवे आहेत. तुमच्या आईबाबांना यायचं नसेल तर तसं सांगा, आमचे पोहे अजून भिजवलेले नाहीत."

तो म्हणाला, "मी येतो. त्यांच्या आधी येतो." आणि ठेवला.

नकार द्यायला समोर येणार. सभ्य आहे.

आईनं विचारलं, "पोहे भिजवू?"

१४ डिसेंबर, दुपार

शौनक एकटाच आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी. घड्याळ मनगटावर गोल गोल फिरवत होता.

"दादाचे केस परत आले नाहीत," तो म्हणाला. "तेवढे दिवसच मिळाले नाहीत त्याला. आई अजून साइटवर 'एक मोठा भाऊ' लिहिते. मला खोडू देत नाही."

स्वयंपाकघरातला नळ आईनं बंद केला.

मी म्हटलं, "ऐकलं."